वाघ बघायला निघालेली जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. पावसहून पूर्णगडकडे जाताना डाव्या हाताला एक फणस लागतो, त्याच्याखाली मी उभी असते. माझ्या चाकांत हवा नाही आणि बॅटरी कधीच काढून नेली आहे. तरी माझी हकीकत मी सांगणार आहे. मात्र आधीच कबूल करते, तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी मला स्वतःलाच अजून उमगलेल्या नाहीत. तुम्ही शाळेत जाता, तुम्हाला कदाचित उमगतील.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. पहिली काही वर्षं मी एका सरकारी कचेरीत होते. साहेबांना न्यायचं, आणायचं आणि उरलेला दिवस झाडाखाली उभं राहायचं, एवढंच काम. पुढे माझा लिलाव झाला. रावजींनी मला घेतलं आणि घाट उतरवून समुद्राकाठी आणलं. दारात आल्यावर त्यांच्या पत्नीने, वासंतीवहिनींनी, माझ्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चाकांखाली लिंबं ठेवली. मी पुढे सरकले तशी लिंबं फचकन फुटली. मला वाटलं, आता ओरडा बसणार. पण सगळे हसून टाळ्या वाजवत होते. माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला म्हणा ना.

आमच्या गावाच्या डोक्यावर सडा आहे. सडा म्हणजे काळ्या-तांबड्या कातळाचं उघडं मैदान. मध्ये झाड नाही, सावली नाही, फक्त कडेकडेने करवंदाच्या जाळ्या. सड्यापलीकडे रावजींची आंब्याची कलमं होती. तिथून पेट्या भरून मी रस्त्याला आणत असे. रावजी मला इतकं सावकाश चालवत की डोक्यावर हारे, म्हणजे मोठ्या टोपल्या, घेतलेल्या बाया मला मागे टाकून पुढे जात. पेटीत गवत असलं तरी हादरा बसलेला आंबा आतून काळा पडतो. त्यामुळे हादरा देणं म्हणजे पाप, एवढं एक मी पक्कं शिकले होते.

मग एका वर्षी मोहोर गळला आणि पेट्या निम्म्यावर आल्या. रावजींनी माझा टप काढला, मागे समोरासमोर दोन बाकं बसवली आणि माझ्या कुशीवर पांढऱ्या रंगाने लिहिलं, ‘सड्याची सफर. रानातली जनावरे दाखवू.’ सुट्टीत मुंबईची माणसं समुद्रावर येत, ती आता माझ्यात बसू लागली. पहिल्या दिवशी मी जपून चालले, तर पाहुणे नाराज झाले. जोरात घ्या, खड्ड्यातून घ्या, असं सांगू लागले. रावजींनी घेतलं. माणसं हातभर वर उडाली, एकमेकांवर आपटली आणि हसत म्हणाली, पुन्हा एकदा. आंब्याला जे सोसत नाही ते माणसांना हवं होतं. का हवं होतं, कोण जाणे.

जनावरं दिसत. घोरपड दिसे, मोर दिसत, वानरं तर रोजची. पाहुणे बोटं दाखवून वानरांना बघत आणि वानरं पोरांना पोटाशी धरून पाहुण्यांना बघत. सफर नेमकी कोणाची चालली आहे, हेही मला कधी ठरवता आलं नाही.

शहाऐंशी सालच्या मे महिन्यात सड्यावर वाघ आल्याची बातमी उठली. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. गावातल्या भिकाजीची शेळी गेली, मग कुणाचा तरी कुत्रा गेला. गावाने पोरांना घरात घेतलं आणि पाहुण्यांनी माझ्यासाठी रांग लावली.

एका दुपारी उन्हं कलल्यावर मुंबईचे फाटकसाहेब, त्यांच्या पत्नी आणि कॅमेरा गळ्यात अडकवलेले त्यांचे मेहुणे अशी तिघं येऊन बसली. त्यांना वाघ बघायचा होता. मी निघणार, एवढ्यात वरच्या वाडीतल्या सोनूबाई पदर खोचत आल्या आणि मलाही सड्यावर ने म्हणून रावजींच्या शेजारी बसल्या. त्यांची गाय तांबू पाच दिवस घरी आली नव्हती.

भातकापणी झाली की आमच्याकडे गुरं मोकळी सोडतात. दिवसभर ती सड्यावर हिंडतात आणि तिन्हीसांजेला आपली आपण घरी येतात. तांबूही तशीच यायची. तिची आई ती चार दिवसांची असताना गेली. सोनूबाईंनी दुधात भिजवलेली चिंधी चोखायला देऊन तिला वाढवलं. घरात दुसरं माणूस नाही, तेव्हा बोलायलाही तीच. आता ती पहिल्यांदा विणार होती. सुखरूप सुटू दे म्हणून सोनूबाईंनी तिच्या गळ्यातलीच घंटा काढून देवीला वाहिली होती. देवीला द्यायचं तर आपल्या जिवाजवळचं द्यावं, असं त्यांना वाटलं. त्यात चूक काय? पण त्यामुळे गाय सड्यावर कुठे आहे, ते कानाला कळण्याची सोय राहिली नाही.

घाटी चढून गेलं की सड्याची राखण करणाऱ्या देवाचा, राखणदाराचा, दगड लागतो. तिथे थांबून गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्यातला कोणी पुढे जात नाही. रावजी उतरले, चप्पल काढली, हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, तुझ्या वाटेनं जातोय. जनावराची गाठ घालू नको, सगळ्यांना सुखरूप घरी आण.”

“व्हय म्हाराजा,” सोनूबाई म्हणाल्या.

“अहो रावजी, हे काय मागताय?” फाटकसाहेब मागून म्हणाले. “जनावराची गाठ पडावी म्हणून तर आलो आम्ही.”

रावजी डोकं खाजवत उभे राहिले. गाऱ्हाणं बापजाद्यांपासून असंच चालत आलेलं, त्यात फिरवाफिरव कशी करायची? शेवटी त्यांनी पुन्हा हात जोडले.

“बरं देवा, लांबून दिसू दे. आणि दिसेल तेव्हा पोट भरलेलं असू दे त्याचं.”

यावर सोनूबाईंनी होकार दिला नाही. त्या हळूच म्हणाल्या, “कशानं भरलेलं रे, रावजी?”

रावजींनी चप्पल घातली आणि मला सुरू केलं.

मित्रांनो, त्या दिवसासारखी कोंडी माझी कधी झाली नाही. मागच्या बाकावरच्यांना वाघ दिसायला हवा होता, पुढचीला तो दिसायला नको होता. दोघांनाही मीच घेऊन चालले होते. मी कोणासाठी धावू? थोड्या वेळाने दूर सड्याच्या कडेला गिधाडं घिरट्या घालताना दिसली. मेहुणे उठून उभे राहिले. नक्की शिकार पडली आहे, गाडी तिकडे घ्या, असं आनंदाने म्हणाले. सोनूबाईंनी माझी दांडी घट्ट धरली. रावजी मला वेग देत आणि लगेच ब्रेक दाबत, पुन्हा वेग देत. मी धापा टाकत, आचके खात कशीबशी पोहोचले.

करवंदाच्या एका दाट जाळीत काहीतरी तांबूस हललं. फाटकसाहेबांनी कुजबुजत सांगितलं, वाघ आहे, कोणी हलू नका. मेहुण्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. रावजींनी मला बंद केलं. त्या शांततेत सोनूबाई खाली उतरल्या.

“काकी, माघारी या,” रावजी दबक्या आवाजात म्हणाले. “वाघ असला तर?”

“असला तर त्यालाच इचारते, माझी तांबू कुठं टाकलीस.”

त्या चालत गेल्या. माझ्यापासून जाळी वीस पावलांवर होती. त्या अर्ध्या वाटेवर असतील, तोच जाळीतून मोठा फुत्कार आला आणि खाली मान घातलेली दोन शिंगं सरळ त्यांच्या अंगावर धावून आली. ती तांबू होती. ओली बाळंतीण. जिने चिंधीने दूध पाजलं त्या बाईलाही ती ओळखेना. सोनूबाई पळाल्या नाहीत. त्या मटकन खाली बसल्या आणि “अगो तांबू, अगो बाय माझी” असं, आपण अंगाई म्हणतो ना, तशा आवाजात म्हणत राहिल्या. शिंगं त्यांच्या डोक्याशी येऊन थांबली. तांबूने त्यांचे केस हुंगले. बराच वेळ हुंगले. मग खरखरीत जिभेने त्यांचं कपाळ चाटलं.

जाळीत वासरू होतं. गिधाडं आली होती ती गाय विल्यावर पडलेली वार बघून. वासरू तासाभराचं, पायावर उभंही राहत नव्हतं. रावजी जवळ गेले आणि एकदम थबकले. जाळीच्या अलीकडे मऊ मातीत चार बोटांचे ताजे ठसे होते. मी उंच, मला उभ्या जागेवरून दिसत होते. रावजींनी मागे पाहिलं आणि पायाने माती ओढून ते ठसे पुसून टाकले. पाहुण्यांना दाखवले नाहीत, सोनूबाईंनाही नाही. दुपारभर आम्ही ज्याच्यामागे होतो त्याची खूण सापडली, ती पुसायची कशाला? तेवढ्यात ते मोठ्याने म्हणाले, “उजेड हाय तोवर निघू या. वासरू गाडीत घ्या.”

फाटकबाईंनी कोणाला न विचारता आपली शाल खाली अंथरली आणि साडी आवरून वासरू मांडीवर घेतलं. बाकांमध्ये जागा उरली नाही, म्हणून साहेब आणि मेहुणे पायी निघाले. तांबू माझ्या मागच्या फळीवर मान टाकून चालत होती आणि दर दहा पावलांना वासराला चाटत होती. त्या वेळी मला कोणी जोरात चल म्हणालं नाही. एकेक दगड चुकवत मी सडा उतरले. मागून सोनूबाई गाईच्या पाठीवर हात ठेवून येत होत्या आणि साहेबांना चिकाचा खरवस खाऊनच जा म्हणून सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी, खरवस खाऊन झाल्यावर, कोणीतरी फाटकसाहेबांना सफर कशी झाली म्हणून विचारलं. काही दिसलं नाही हो, नुसती गाय, असं ते म्हणाले. त्यांच्या पत्नी हसल्या आणि शालीवरच्या डागांवरून हात फिरवत राहिल्या. त्यांनी ती शाल धुतली नाही, तशीच घडी करून नेली.

त्यानंतरच्या वर्षी सड्यावरून पक्का रस्ता झाला. आंब्याला टेंपो आला, पाहुण्यांना मिनीबस आली. माझा गिअर अडकला तो दुरुस्त करणारा मिळेना आणि मी फणसाखाली आले. माझ्या सीटखाली कोंबड्या अंडी घालतात, मुलं माझा आरसा काढून नेतात. तक्रार नाही. फक्त पावसाचं पाणी माझ्यात साचतं, ते कोणी काढत नाही, याचं वाईट वाटतं.

पण गेल्या वसुबारसेची गोष्ट सांगते. सोनूबाईंचा तो उपवासाचा दिवस. गाय-वासराची पूजा करून त्या ताट घेऊन सरळ माझ्याकडे आल्या. ओल्या फडक्याने माझं बॉनेट पुसलं, हळदकुंकू लावलं आणि गाईसाठी केलेला भाताचा घास माझ्यापुढे ठेवला.

“काकी,” वासंतीवहिनी ओट्यावरून म्हणाल्या, “गाडीची पूजा दसऱ्याला. आज गाय-वासराची.”

“म्हणून तर आले,” सोनूबाई म्हणाल्या, तांबूने मान टाकली होती त्या माझ्या मागच्या फळीवर हात ठेवला आणि वाकून नमस्कार करून गेल्या.

मी दिवसभर विचार करत राहिले. मी लोखंडाची. मला शिंगं नाहीत, दूध नाही, वासरू नाही. मग आज माझी पूजा का? मला काही केल्या समजेना.

मित्रांनो, तुमच्या दारातही एखादी थकलेली वस्तू असेल. येता-जाता तिच्यातलं पाणी उपसा, तिच्यावरून एकदा फडकं फिरवा. का, ते तिला समजावून सांगत बसू नका. ते समजलं नाही, तरी हात फिरलेला कळतो.