लिननच्या सुटाखालचं पायतान

मी एक कोल्हापुरी चप्पल बोलतेय. जोडीतली उजवी. डावीही इथंच आहे, पण तिनं काही केलेलं नाही, म्हणून तिला मध्ये ओढत नाही. जे झालं ते माझ्याकडून झालं, तेव्हा सांगायचंही मीच.

आमच्याकडं मला पायतान म्हणतात. आणि खरं सांगू का, लोक माझं नाव चालण्यापेक्षा मारण्यासाठीच जास्त घेतात. भाजीवालीशी वाजलं, "पायतान बघितलंस का?" रिक्षा आडवी आली, "उतर खाली, पायतानानं हाणतो." कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत, दुकानात खिळ्याला टांगलेली असताना हे ऐकून ऐकून माझं डोकं पार चढलं होतं. मला वाटायचं, पायात घालायला काय, कुठलंही रबर चालतं. आपला जन्म कुणाच्या तरी थोबाडावर बसायला झालाय.

दोष माझ्या एकटीचा नाही. मी घडलेच मारातनं. म्हशीचं कातडं, बाभळीच्या सालीच्या पाण्यात दिवसेंदिवस बुडवलेलं. आकाराम नावाच्या कारागिरानं मला रापीनं कापलं, आरीनं जागोजाग भोसकलं आणि दगडावर आडवी घालून अशी ठोकली की विचारू नका. शेजारी त्याची बायको बाळाबाई माझी वेणी विणत बसलेली. ती ओरडायची, "हळू ठोका की वो! भिंत पाडतासा काय?" आकाराम म्हणायचा, "जेवढा मार खाईल तेवढी टिकंल." मग त्यानं मला एरंडेल तेल पाजलं. पोट भरेपर्यंत पाजलं. तेव्हा कुठं मी मऊ झाले, पण वरनंच. आतली खुमखुमी तशीच राहिली.

मला घ्यायला आला कृष्णात. चाळिशीतला, रुंद खांद्याचा, कमी बोलणारा माणूस. त्याचा उजवा पाय बघून आकाराम चुकचुकला. कृष्णात पंधरा वर्षं कबनूरला यंत्रमागावर उभा राहिलेला. तासन्‌तास उभं राहून पंजा पसरलेला, आणि अंगठा मोडलेला. मागावर सूत घेऊन इकडून तिकडं धावतो तो लाकडी धोटा एकदा उडाला आणि बंदुकीच्या गोळीसारखा अंगठ्यावर बसला. हाड वाकडं जुळलं. बंद बूट म्हटलं की त्या पायाला रक्तच यायचं. आकारामनं माझा अंगठा त्याच्या मापाचा मुद्दाम सैल बांधून दिला. तरी मला काढताना त्याला दर वेळी वाकून हातानंच काढावं लागायचं.

त्या धोट्याची गोष्ट तिथंच संपली नव्हती. मुकादम म्हणाला होता, "बोट मोडलंय, मान न्हाय मोडली. माग चालू ठेव." कृष्णातनं पायातलं काढलं आणि त्याला असा बडवला की तीन दात मागाखाली गोळा करावे लागले. पोलीस झाले, कोर्ट झालं, काम गेलं. ती चप्पल माझ्या आधीची. तिचा मला केवढा हेवा वाटायचा!

पण त्या दिवशी त्याची बायको अनुजा त्याला म्हणाली होती, "ह्यापुढं कुणावर बी हात उचललासा, तर मी मोनाला घेऊन कोडोलीला माहेरी जाणार. मग पाय धरलासा तरी माघारी येणार न्हाय." आणि कृष्णातनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. हे मला मागाहून कळलं, कारण घरात त्या शपथेची आठवण निघायचीच, मी दाराबाहेर असते, आणि दाराबाहेर आतलं सगळं ऐकू येतं. त्या दोन खोल्यांचं घर त्या एका शपथेवर उभं होतं, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ठाऊक होतं.

तर कृष्णात आता राजारामपुरीत पुरुषांच्या सुटाच्या दुकानात विक्रीला होता. कापड बोटांनी ओळखायचा. मालक पृथ्वीराज, तिशीचा, बापाची गादी नुकतीच मिळालेली. भडक डोक्याचा. एकदा शिंप्यावर कात्री फेकलेली. भिंतीला लागली म्हणून माणूस वाचला. पाडव्यापासून त्यानं फर्मान काढलं, उन्हाळाभर दुकानातल्या सगळ्यांनी दुकानाचाच ऑफ-व्हाइट लिननचा सूट घालायचा. गिऱ्हाइकाला अंगावर बघून घ्यावासा वाटतो म्हणे. कृष्णातनं सूट घातला आणि खाली मला.

आणि मी सांगते, शोभत होतो आम्ही! लग्नसराई चालू, नवरदेव यायचे, सुटाआधी पायाकडं बघायचे. "ह्येच्याखाली काय घालू वो?" म्हणून विचारायचे.

कृष्णात त्यांना समजावायचा, "लिनन म्हंजे वाऱ्याचं कापड. त्येच्याखाली बंद बूट घातला, तर माडीवर पंखा आन् तळाला चूल. पाय मोकळा ठेवा. साधं तपकिरी कातडं घ्या. गोंडंबिंडं नकोत, नायतर हळदीला निघाल्यागत दिसाल. काळा बूट त्यो गडद सुटाचा, थंडीतला."

गिऱ्हाईक खूश व्हायचं. एक कॉलेजातले प्राध्यापक तर दुकानातनं सरळ आकारामकडं गेले. पृथ्वीराजला मात्र मिरची झोंबली. दुकानात येऊन लोक चपलेचं कौतुक करतात आणि तेही कृष्णातच्या तोंडून ऐकून, हे त्याला खपेना.

"अहो कृष्णात, हे सुटाचं दुकान आहे का आठवडी बाजार? उद्यापासून सगळ्यांच्या पायात काळे बूट."

कृष्णातनं दोन दिवस बूट घातले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजा काढला तर तो रक्तानं ओला आणि अंगठ्याचं नख मोज्यातच. मालकाला त्यानं पाय दाखवला. मालक मोबाईलवरनं नजर न काढता म्हणाला, "आठवड्यात सवय होते." तिसऱ्या दिवशी कृष्णात पुन्हा माझ्यात. तेव्हा पृथ्वीराजनं सगळ्यांसमोर टेप त्याच्या छातीवर फेकून मारली. "उद्या पायात काळं दिसलं नाही तर दुकानाची पायरी चढायची नाही. कळलं का रे?"

कालपर्यंतचं 'अहो' आज 'अरे' झालं होतं. माझं कातडं तापलं. म्हटलं, वाक, कृष्णात. वाक आणि मला उचल. तो वाकला, टेप उचलून गुंडाळली आणि मालकाच्या टेबलावर ठेवली.

घरी आल्यावर त्यानं अनुजाला सांगितलं, "काळंच पायजे म्हनतोय. काळं न्हाय तर काम न्हाय." मोना तिथंच अभ्यास करत होती. नऊ वर्षांची. तिनं ऐकलं ते एवढंच, की काळं पाहिजे.

जेवणं व्हायच्या आधी ती हळूच बाहेर आली. हातात तिच्या शाळेच्या बुटांची पॉलिशची डबी. मला मांडीवर घेतलं, जीभ बाहेर काढून, कोपरान्‌कोपरा काळा केला, मग डावीचाही. वेणीच्या फटीत काडीनं भरलं. कुणी मला इतक्या मायेनं कधी धरलं नव्हतं. पण मला कळत होतं हे चुकतंय. माझ्या अंगात एरंडेल मुरलेलं. तेलाच्या कातड्यावर पॉलिश बसत नाही, नुसतं वर तरंगत राहतं. आकारामच्या शेजारी खेळणाऱ्या पोरालाही हे माहीत असतं. मला तोंड असतं तर मी बोंबलले असते.

सकाळी कृष्णातनं बघितलं आणि उंबऱ्यावरच बसला.

"पप्पा, आता काळं झालं की! मालकाला बूटच वाटंल. पँट लांब हाय तुमची."

त्याचे डोळे भरले. पॉलिश टिकणार नाही हे त्याला कळायला हवं होतं, पण पोरीचं तोंड बघून त्याला ते सुचलंच नाही. तिच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि मला घालून गेला.

अकरापर्यंत निभावलं. मालकाची नजर फिरली, काळं दिसलं, पुढं गेली. मग ऊन चढलं, पायाला घाम सुटला आणि पॉलिश पाघळायला लागलं. एक नवरदेव ऑफ-व्हाइट सूट घालून आरशासमोर उभा, सोबत आईबाप, मामा, करवल्या. कृष्णात त्याच्या पायाशी उकिडवा बसून पँटची लांबी टाचणीनं धरत होता. नवरदेव मागं सरकला, पँटची खालची मोहरी माझ्यावरनं घासली आणि त्या दुधासारख्या कापडावर वीतभर काळा पट्टा उमटला. मामा ओरडला. करवल्या ओरडल्या. तेव्हा सगळ्यांनी खाली बघितलं, तर दारापासून आरशापर्यंत फरशीवर काळी पावलं.

पृथ्वीराज आला. खाली बसला, मोडक्या अंगठ्यातनं मला हिसकली. कृष्णात कळवळला.

"मला येडा समजतोस? चप्पल काळी करून आणतोस?"

पहिला फटका डाव्या गालावर. दुसरा कानावर. तिसऱ्याला माझा अंगठा तुटला, तरी तो थांबला नाही. चौथा नाकावर. ज्याच्या पायाखाली मी राहिले त्याच्याच तोंडावर मी बसत होते, आणि आवाज केवढा! रक्त कॉलरवर आलं. मामाच मध्ये पडला, "आवो जाऊ द्या, मरंल की माणूस!"

कृष्णातनं दोन्ही हात पाठीमागं नेले होते. एका हातानं दुसऱ्याचं मनगट असं आवळलं होतं की नखं आत रुतली. पृथ्वीराज त्याच्या निम्म्या वजनाचा. एका हातात मान मोडली असती. पण हात सुटला नाही, शेवटपर्यंत सुटला नाही. मालकानं मला रस्त्यावर भिरकावली आणि म्हणाला, "सूट उतरव. दुकानाचा आहे."

कृष्णात आपल्या कपड्यांत बाहेर आला. शेजारचा घड्याळवाला म्हणाला, "कंप्लेंट द्या. मी साक्ष देतो." कृष्णातनं नको म्हणून मान हलवली. त्यानं मला धुळीतनं उचलली. अंगठा तुटल्यानं घालता येईना, म्हणून हातात धरली. डावी पायात, उजवा पाय अनवाणी, भर दुपारच्या डांबरावर तो घरी निघाला. वाटेत पुटपुटत होता, "अनुजा, हात उचलला न्हाय मी. बघ, उचलला न्हाय." दोनतीनदा म्हणाला. मला वाटलं, माणूस जिंकला.

गल्लीच्या तोंडाशी मोना उभी. शाळा सकाळची, वाट बघत थांबलेली. पळत आली. रक्त तिला दिसलंच नाही, तिचं लक्ष माझ्यावर.

"पप्पा! पप्पा! मालकाला कळलं का? म्या लावलेलं पॉलिश चाललं का न्हाय?"

कृष्णातचा हात उठला. मी त्या हातात होते.

जन्मभर ज्याची वाट बघितली तो फटका मला मिळाला. तो नऊ वर्षांच्या पोरीच्या गालावर बसला. ती गोल फिरून गटारीच्या कडेला पडली. रडलीसुद्धा नाही. तोंड उघडं, आवाज नाही, गालावर माझी वेणी उमटलेली, आणि तिनंच लावलेलं काळं.

अनुजा दारातनं सगळं बघत होती. ती धावत आली. मोनाला उचललं, आत नेलं, पिशवी भरली. कृष्णात तिच्या मागं मागं, "आगं, मालकानं मला मारलं, चारचौघांत मारलं, तिथं म्या हात न्हाय उचलला... देवाशपथ न्हाय उचलला."

अनुजा पिशवीची चेन ओढत म्हणाली, "व्हय. तिथं न्हाय उचललासा. घरला आनलासा."

दुपारच्या एसटीनं त्या दोघी कोडोलीला गेल्या.

चार दिवसांनी त्यानं मला आकारामकडं नेलं. आकारामनं तुटलेला अंगठा उलटसुलट बघितला. "पावणं, चालून तुटलेला अंगठा येगळा असतोय. ह्यो मारून तुटलाय."

"मालकानं मारलं मला," कृष्णात म्हणाला. निम्मंच सांगितलं. बाळाबाईनं काळं खरवडून काढलं, तेल लावलं. मी परत तपकिरी झाले.

मग आम्ही कोडोलीला आलो. अनुजा दारात आली. तिच्या मागं चौकटीला धरून मोना. गालावरची सूज उतरलेली.

"कशाला आलासा?"

"पोरीला बघायला. एकडाव बघतो आन् जातो."

अनुजानं मागं वळून मोनाकडं बघितलं. मग बाजूला झाली. "या. आत या. पाणी घ्या."

मोनाही एक पाऊल पुढं आली होती. कुणाच्याही घरात शिरताना माणूस जे करतो तेच कृष्णातनं केलं. पायातलं काढायला वाकला. मोडक्या अंगठ्यामुळं हातानंच काढायचं, म्हणून त्यानं मला हातात धरलं.

मोना मटकन खाली बसली. दोन्ही हात तोंडावर, कोपरं वर.

"नको पप्पा! परत न्हाय लावत पॉलिश! परत न्हाय लावत!"

कृष्णात वाकलेला तसाच राहिला. त्याला मला खाली ठेवता येईना आणि सरळही होता येईना. मग फार हळू, काच ठेवावी तशी, त्यानं मला पायरीवर ठेवली. डावीही काढली. आणि उंबऱ्याच्या आत न येता अनवाणीच रस्त्याला लागला. तो आजपर्यंत आलेला नाही.

मी अजून त्या पायरीवर आहे. अनुजा मला फेकत नाही आणि आत घेत नाही. मोना शाळेला जाताना पुढच्या दारानं जात नाही, गोठ्याकडनं वळसा घालून जाते. येणाऱ्याजाणाऱ्या बाबांनो, मला कुणीतरी इथनं न्या. घाला, जाळा, विहिरीत टाका, माझं काही म्हणणं नाही. फक्त उचलायला वाकण्याआधी जरा थांबा आणि पोरीला आत जाऊ द्या.