मेंढ्यांकडे पाठ करून

ड्रेस्डेनला येऊन आठवडाही झाला नव्हता, आणि अक्षता एक अख्खी दुपार मनूला विसरली.

विसरली म्हणजे साफच विसरली. युनिव्हर्सिटीतलं काम लवकर आटोपलं, म्हणून दिसेल त्या पिवळ्या ट्राममध्ये चढली, मनाला येईल तिथे उतरली. जुन्या दगडी पुलावर एक म्हातारा अकॉर्डियन वाजवत होता, त्याच्यासमोर गाणं संपेपर्यंत उभी राहिली. कोपऱ्यावरच्या बेकरीतून मनुका घातलेला पाव घेतला आणि तो कागदातूनच मोडून खात नदीकाठाने चालत सुटली. कुणाला भरवायचं नव्हतं, कुणाचं तोंड पुसायचं नव्हतं. हात कसे हलके झाले होते. मग एका बाकावर बसून सहज मोबाइल काढला, तर हर्षदचे मिस्ड कॉल एकाखाली एक. तिकडे दहिसरला मनूची झोपायची वेळ कधीच टळून गेली होती.

तिने तिथूनच घाईघाईने फोन लावला.

"झोपली आत्ताच," हर्षद दबक्या आवाजात म्हणाला. "आजीच्या पदराचं टोक मुठीत धरून."

"मला विचारलं तिने?"

"नाही."

"एकदाही?"

"विचारतच नाही गं ती. रडत पण नाही. मला तेच बरं वाटत नाहीये."

त्या रात्री अक्षताने उरलेला पाव कागदात गुंडाळून टेबलाच्या पार टोकाला सरकवून ठेवला. पावाचा काय दोष, पण तो तिला समोर नको होता.

घरातून तिला कुणी अडवलं नव्हतं. उलट कापडाच्या तंत्राचा अभ्यास, तोही स्कॉलरशिपवर, म्हटल्यावर सगळ्यात जास्त खूश सासरे झाले होते. जयवंतांची उमेदीची सगळी वर्षं मिलमध्ये, मागांच्या खडखडाटात गेलेली. "दोन वर्षं काय, बघता बघता जातील. पोरीला आम्ही सांभाळतो," त्यांनीच सांगितलं. मनू तेव्हा नुकतीच दोन वर्षांची झाली होती.

निघायच्या दिवशी खाली टॅक्सी येऊन उभी राहिली, तेव्हा सासूबाई, विमलाताई, तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. त्या मूळच्या कुडाळकडच्या. इतकी वर्षं मुंबईत काढून बोलणं तिकडचंच राहिलेलं.

"जाताना पोर रडला तर बरा नाय गो. मी तिका तबेल्यार म्हशी दाखवक घेऊन जातंय. तू मागसून नीघ."

त्या घरात याला नावच होतं: कोंबडी दाखवणे. गणपतीची रजा संपवून जयवंत गावाहून मुंबईला परत निघाले की विमलाताई लहानग्या हर्षदला घरामागच्या खुराड्याकडे कोंबडी दाखवायला न्यायच्या. पोर पुढच्या अंगणात येईस्तोवर बाप एसटीत बसलेला असायचा. गावातल्या सगळ्याच मुंबईकरांच्या घरी हेच चालायचं. यात काही वावगं आहे असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. अक्षताच्याही नाही. तिने खिडकीतून बघितलं. आजीच्या कडेवर गुलाबी फ्रॉक, म्हशींच्या दिशेने लांब केलेलं एक बोट. मग तिने बॅग उचलली.

दुसऱ्या दिवशी तिने ठरवून लवकर फोन लावला. तिकडे दिवेलागणीची वेळ. ती मुद्दाम नदीकाठच्या कुरणावर गेली होती, कारण तिथे मेंढ्या चरायला आल्या होत्या, चांगला शंभरेकांचा कळप. मनू बघून नाचेल, असं तिला वाटलं.

स्क्रीनवर मनू आजीच्या मांडीत बसलेली. हातात ओलं झालेलं बिस्किट.

"आई," ती म्हणाली, आणि तेवढंच.

"मनुल्या, गंमत बघायची? ते बघ कोण आलंय, ते बघ..." म्हणत अक्षताने कॅमेरा उलटा फिरवला.

मनू किंचाळली. बिस्किट फेकून तिने दोन्ही हातांनी फोन ओढला. अक्षताला आधी दहिसरच्या घरातला पंखा दिसला, मग फरशी, मग मनूचा चिकट तळवा. फोनच्या मागे आई कुठे गेली ते ती शोधत होती.

"नको बघ! मनू नको बघ!"

अक्षताने घाईघाईने कॅमेरा परत स्वतःकडे वळवला. आईचा चेहरा दिसला तशी मनू हुंदके देत गप्प झाली. पण नजर हलवेना.

"काल तबेल्याकडे नेलंय, तर डोळे मिटून घेतल्यान," विमलाताई म्हणाल्या. "काऊ दाखवलंय तरी बघूक नाय. नुसता माझ्या तोंडाकडे बघत रवता. काय झाला गो हिका?"

मागून हर्षद विमलाताईंना म्हणाला, "मी पण खुराड्याकडे जायचं सोडलं होतं ना. तुला वाटायचं, मला कोंबड्या आवडत नाहीत."

जयवंतांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "ह्या कधी बोललस नाय रे," ते म्हणाले.

हर्षदने वाकून मनूने फेकलेलं बिस्किट उचललं.

अक्षता गवतात बसली. पोर रडू नये म्हणून, असं ती विमानात स्वतःला सांगत आली होती. खरं तर मनू रडली असती तर तिचा पाय उंबऱ्यातून निघाला नसता. आणि तिला निघायचं होतं. फार निघायचं होतं.

तिने मेंढ्यांकडे पाठ केली आणि फोन हात लांब करून धरला, म्हणजे तीही दिसेल आणि मागचा कळपही.

"मनू, त्या दिवशी आई तुला न सांगता गेली. आईचं चुकलं."

"म्हैस," मनू म्हणाली.

"हो. तू म्हशी बघत होतीस, तेव्हाच गेली."

"नको गो तिका असला सांगू. लहान हा ता."

"सांगू दे, आई." अक्षता म्हणाली. "मनू, आई लांब आहे. रोज फोनवर येणार. आता थोड्या वेळाने फोन ठेवणार. पण सांगून ठेवणार."

विमलाताईंचा हात सवयीने खिडकीकडे वळला. "बाय, तो बघ का..." एवढं म्हणून त्या थांबल्या. हात हळूच खाली आला आणि मनूच्या पाठीवर टेकला.

मनूचा खालचा ओठ पुढे आला, थरथरला, आणि ती रडायला लागली. नाकातोंडातून, सगळं अंग हलवून. अक्षताने नजर बाजूला नेली नाही. जे तोंड चुकवून ती इतक्या दूर आली होती, तेच आता हातभर अंतरावर होतं. पुसायला हात पोचत नव्हता.

रडं ओसरत आलं तेव्हा मागे एक मेंढी जोरात बेंऽऽ करून ओरडली. मनूची नजर निसटून तिकडे गेली आणि दचकून लगेच परत आली.

आई होती.

मनूने पुन्हा मेंढीकडे बघितलं, पुन्हा आईकडे. अक्षताचा हात भरून आला होता, तरी तिने तो खाली घेतला नाही. तिला अजून फोन ठेवायचा होता, आणि तोही मनूच्या डोळ्यांदेखत.