उलटी तिरपी रेघ

"वहिनी, फ्रिज थंड आहे, पण सकाळपासूनचं तापमान कुठेच दिसत नाही!" रक्तपेढीतली तंत्रज्ञ फोनवर रडकुंडीला आली होती. "नोंद नसेल तर सगळ्या पिशव्या बाद. आणि वरच्या वॉर्डात एका बाळंतिणीला रक्त द्यायचंय!"

वहिनींनी लॅपटॉप पुढे ओढला. रक्तपेढीत आज सकाळीच निराळ्या ऑपरेटिंग प्रणालीचे नवे संगणक बसले होते. फ्रिजवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम मात्र जुनाच, त्यांच्या नवऱ्याने लिहिलेला. सॉफ्टवेअर कंपनीत त्यांना सगळे गुरुजी म्हणत, म्हणून या सगळ्यांच्या वहिनी. अर्धांगवायूचा झटका येऊन गुरुजींचं बोलणं अडखळू लागलं, तसे त्यांना येणारे फोन आधी कमी झाले आणि मग थांबलेच. त्यांचं काम आता वहिनी पाहत.

गफलत कुठे झाली ते वहिनींना लगेच कळलं. नोंदींच्या फाइलचा पत्ता प्रोग्राममध्येच पक्का लिहिलेला होता. डी ड्राइव्ह, त्यात 'नोंदी', त्यात 'तापमान', मधे मधे उलट्या तिरप्या रेघा, म्हणजे बॅकस्लॅश. नव्या संगणकात डी ड्राइव्ह नावाची चीजच नव्हती.

रक्तपेढीतून कंपनीच्या मालकांनाही फोन गेला होता; त्यांनी लगोलग वहिनींना फोन लावला. "पत्ता बदला आणि मोकळ्या व्हा," ते म्हणाले. "सकाळचं गेलं ते गेलं."

"यांना एकदा विचारते."

"गुरुजींना? कशाला त्रास त्यांना!"

वहिनींनी फोन ठेवला आणि खिडकीपाशी बसलेल्या गुरुजींपुढे स्क्रीन नेली. त्यांचा चेहरा उतरला.

"माझी... चूक."

"चूक कसली? तेव्हा सगळे संगणक एकाच जातीचे होते. अहो, सकाळच्या नोंदी कुठे गेल्या असतील?"

गुरुजी तोंड उघडून थांबले. एरवी वहिनींनीच वाक्य पुरं करून टाकलं असतं. तशी सवयच लागली होती त्यांना. आज त्या ओठ आवळून बसल्या.

"गेल्या... नाहीत." गुरुजींचं बोट पत्त्यातल्या उलट्या तिरप्या रेघेवर टेकलं. "ही... तिकडे... नुसतं अक्षर."

वहिनी ताडकन सरळ बसल्या. नवी प्रणाली त्या रेघेला फोल्डरांमधली भिंत मानतच नव्हती! सबंध पत्ता तिला एका फाइलचं लांबलचक नाव वाटला असणार. त्यांनी घरूनच रक्तपेढीचा संगणक उघडला. प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये, अख्खा पत्ता नाव म्हणून मिरवत, एक फाइल बसली होती. आत सकाळपासूनचं तापमान, एकही खंड न पडता. त्यांनी ती तंत्रज्ञ मुलीकडे पाठवून दिली.

"आता नवा पत्ता घालते."

"नको. लिहू... नको. विचार."

"कुणाला?"

"संगणकालाच."

खरंच की. प्रोग्रामने सुरू होताना ज्या त्या संगणकाला विचारावं, नोंदी कुठे ठेवू? नावं जोडायची रेघही त्यालाच घालू द्यावी. वहिनींनी तसं लिहिलं आणि घरातल्या जुन्या संगणकावर नि रक्तपेढीतल्या नव्यावर चालवून पाहिलं. दोन्हीकडे फाइल मुकाट्याने आपापल्या जागी उमटली.

संध्याकाळी तंत्रज्ञ मुलीचा फोन आला. "पिशव्या वाचल्या, वहिनी! बाळंतीण सुखरूप आहे."

"मी नाही हो, गुरुजींनी शोधलं."

"मग त्यांना द्या ना फोन!"

वहिनींनी फोन गुरुजींच्या हातात दिला आणि त्या मुद्दामच आतल्या खोलीत गेल्या.

"बाळ..." बाहेरून गुरुजींचा आवाज आला. "मुलगा... की..."

वहिनी दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. पलीकडून कुणी घाई केली नाही, की फोनही ठेवला नाही.

"...मुलगी?" गुरुजींनी विचारलं.