एक्सरेबाईंनी सोडली

"मिस्टर बाहेर थांबलेत का? बोलवा ना त्यांना आत."

"मिस्टर घरी आहेत."

"अहो, पण मग कसं होणार?" समुपदेशक मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "पेशंटनं स्वतः यायला हवं. बायकोनं येऊन काय उपयोग?"

"पेशंट आलाय," एक्सरेबाई म्हणाल्या. "मीच."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं, मग काढलं. तिशीच्या आतल्या मुलीसमोर तिच्या आईच्या वयाची बाई बसली होती. साडी नीटनेटकी, चष्मा दोरीला अडकवलेला. मॅडमना अजून थोडी आशा होती.

"म्हणजे... तपकीर वगैरे?"

"सिगारेट. फिल्टरवाली."

व्यसनमुक्ती वर्गाच्या त्या खोलीत दहा-बारा खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. त्यांवरचे पुरुष आतापर्यंत एकमेकांची नजर चुकवत होते, ते आता सगळे मिळून एका दिशेला बघू लागले. तीन बायका होत्या, पण त्या नवऱ्यांना दंडाला धरून घेऊन आलेल्या. त्यांच्यापैकी एकीनं पर्स उगाचच या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

एक्सरेबाई त्याच हॉस्पिटलात तळमजल्यावर एक्सरे काढत. दिवसभर लोकांना सांगायचं, श्वास घ्या, धरून ठेवा, आता सोडा. आणि मग मागच्या जिन्यात जाऊन स्वतः तेच करायचं. नोकरीला लागल्या तेव्हा फिल्म धुवायला डार्करूम होती. दारावरचा लाल दिवा लागला की मोठ्यातला मोठा डॉक्टरही दार उघडू शकत नसे, कारण उजेड आत शिरला की फिल्म खराब. बाई आत आहे, दार बंद आहे, आणि आत काय चाललंय असं कुणीही विचारत नाही, अशी दुसरी खोली बाईंनी आयुष्यात पाहिली नव्हती. पहिली सिगारेट तिथल्याच एका सीनियर बाईंनी दिली, फिल्म वाळेपर्यंत करायचं काय म्हणून. रसायनांचा वास इतका उग्र होता की त्यापुढे सिगारेट अगदी सोज्वळ वाटायची. पुढे कॉम्प्युटरवर दिसणारं मशीन आलं. डार्करूममध्ये मोडक्या खुर्च्या ठेवायला सुरुवात झाली, आणि बाई मागच्या जिन्यात आल्या.

घरी अडचण नव्हती. मिस्टर ओढायचे. बाल्कनीत वेताच्या खुर्चीत बसून, पेपर वाचत, राजरोस. घराला वास होताच. त्यात बाईंच्या बाथरूममधल्या एका सिगारेटची काय ती भर.

मिस्टरांनी आजवर सात वेळा सोडली. प्रत्येक वेळी घरात समारंभाचं वातावरण. एकदा केक आला होता. पहिले काही दिवस घरात मोठ्यानं बोलायचं नाही, त्यांच्या आवडीचं करायचं, टीव्हीचा रिमोट त्यांच्या हातात द्यायचा. नातेवाईक फोन करून म्हणायचे, वा, मानलं बुवा! मग एक दिवस ते बाल्कनीत दिसायचे, आणि सगळे म्हणायचे, जाऊ द्या, फार टेन्शन आहे त्यांना.

बाईंनीही बऱ्याचदा सोडली होती. मिस्टरांनी सोडली की घराचा वास जायचा आणि बाईंना सोडावीच लागायची. शिवाय मनातूनही सोडायची असायचीच. पण त्यासाठी केक आला नाही. सासूबाई म्हणायच्या, हिला हल्ली काय झालंय, सारखी चिडचिड. मिस्टर म्हणायचे, वय झालं. मुलगी म्हणायची, आई, तू डॉक्टरकडे जा. मग मिस्टर हरायचे, घराला पुन्हा वास यायचा आणि कपाटातल्या टॉवेलांच्या घडीत पाकीट परत यायचं. लोकांना माहीतच नसलेली गोष्ट सोडली, तर तुम्हाला शाबास कोण म्हणणार?

या खेपेला मात्र कारण वेगळं होतं. त्याच दिवशी सकाळी एका आजोबांना टेबलावर चढवताना बाईंना धाप लागली. आजोबा पंच्याऐंशीचे, हातात काठी. त्यांनी बाईंकडे पाहिलं, टेबलावरून खाली उतरले आणि शेजारचं स्टूल पुढे सरकवून म्हणाले, "तुम्ही बसा जरा. माझं काय, मी थांबतो." बाईंना राग आला. आजोबांचा नाही, त्या स्टुलाचा. त्या संध्याकाळी त्या पायऱ्या चढून तिसऱ्या मजल्यावरच्या या खोलीशी आल्या आणि श्वास पूर्ववत होईपर्यंत दाराबाहेर उभ्या राहिल्या.

"आता प्रत्येकानं आपला एक सोबती निवडायचा," मॅडम सांगत होत्या. "ओढावीशी वाटली की आधी सोबत्याला फोन करायचा. आणि समोरच्यानं काहीही चालू असलं तरी तो उचलायचा. हा एकच नियम."

पुरुषांनी भराभर शेजारचा माणूस पकडला. बायकोवाले बायकांच्या धाकानं एकमेकांचे झाले. उरल्या एक्सरेबाई आणि कोपऱ्यातला एक आडदांड माणूस. तो बांधकामावरची उंच क्रेन चालवायचा. दिवसभर आभाळात एका काचेच्या डब्यात एकटा बसत असल्यामुळे त्याला जमिनीवरच्या माणसांशी हळू बोलण्याची सवय नव्हती.

"ताई," तो गरजला, "मला चालेल. तुम्हाला चालेल का?"

"तुमचा आवाज असाच आहे का?"

"हो."

"चालेल," बाई म्हणाल्या.

क्रेनवाल्याची पाळी संध्याकाळी संपायची. खाली उतरला की समोरच टपरी. त्यामुळे त्याची वेळ आणि बाईंच्या घरची जेवणाची वेळ एकच. फोन वाजला की बाई ताटावरून उठायच्या आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावायच्या. बाहेर फक्त "हो", "पाणी प्या", "दम धरा", "मला पण होतंय तसंच" एवढं ऐकू यायचं. पलीकडून मात्र पुरुषी आवाज नळाच्या पाइपातून आल्यासारखा घुमायचा. दुपारी बाईंची वेळ. तेव्हा त्या मागच्या जिन्यात उभ्या राहून फोन लावायच्या, आणि तो तिकडून ओरडायचा, "ताई, आत्ता मी वीस मजले वर आहे, मला उतरता येत नाही. तुम्ही पण समजा, वीस मजले वर आहात!" बाई तसं समजायच्या. जिन्यातून खाली बघवत नसे, पण दुपार निघून जायची.

आठवडाभर घरात कुणी काही बोललं नाही. न बोलण्यात हे घर तरबेज होतं. मग एका संध्याकाळी फोन वाजला आणि बाई उठायच्या आत मिस्टर म्हणाले, "इथंच बोल."

सासूबाईंनी घास हातातच धरला. मुलीनं हळूच टीव्हीचा आवाज बंद केला.

"कोण आहे हा रोज रोज?" मिस्टरांनी विचारलं. "मी विचारणार नव्हतो. पण आता आई पण विचारायला लागलीय."

बाईंकडे उत्तर तयार होतं. हॉस्पिटलातला लिफ्टवाला, त्याची बायको अ‍ॅडमिट आहे, रिपोर्टचं विचारतो. चांगलं, घट्ट विणलेलं खोटं होतं. इतकी वर्षं सराव असल्यावर दर्जा आपोआप येतो. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला कंटाळा आलाय.

"तो क्रेन चालवतो," बाई म्हणाल्या. "आम्ही दोघं सिगारेट सोडतोय."

"कुणाची?"

"आपापली."

फोन वाजायचा थांबला. घरात एवढी शांतता मिस्टरांनी सोडली तेव्हाही झाली नव्हती.

"तू ओढतेस?"

"नाही. सोडली म्हटलं ना आत्ता."

"म्हणजे ओढायचीस?"

"ओढायचे."

"कधीपासून?"

"लग्नाआधीपासून."

मिस्टरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडलं. "माझ्या पाकिटातल्या कमी व्हायच्या, त्या..."

"कधीमधी. अगदीच अडलं तर."

"अगं, मी धाकट्या भावावर संशय घेतला! त्याच्या घरी जाणं सोडलं मी!"

"ते बरंच झालं," सासूबाई एकदम म्हणाल्या, "त्याची बायको कुठं धड बोलते." मग आपण कुठल्या बाजूला आहोत हे त्यांना आठवलं. "पण सूनबाई, तू? बाईमाणसानं? शोभतं का हे? लोक काय म्हणतील?"

"आई, लोकांना कुठं माहीत होतं? आणि आता सोडली, तर म्हणतील काय?"

"सोडली म्हणजे आधी ओढत होती, असं म्हणतील!"

मुलीनं तोंडावर हात धरला होता. हसू दाबायला की दुसरं काही, ते कळत नव्हतं.

"हे बघ," मिस्टर म्हणाले. त्यांनी आवाज वडीलधारा केला. "झालं ते झालं. पण हे फोनबिन बंद. आणि खरं सांगू? तुला नाही जमायचं. मी सात वेळा प्रयत्न केलाय. मला नाही जमलं."

"म्हणून तर फोन," बाई म्हणाल्या.

फोन पुन्हा वाजला. बाईंनी तो ताटाशेजारीच उचलला. "बोला दादा," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "नाही, काही नाही, जेवतोय सगळे. तुम्ही पाणी प्यायलात का?" पलीकडचा आवाज भरल्या घरात घुमला, "प्यायलो ताई! दोन बाटल्या! आता पोटात जागा नाही, पण टपरी अजून उघडी आहे!" मुलीला आता हसू आवरलं नाही.

नंतरचे दिवस सोपे नव्हते. मिस्टर बोलत नव्हते, आणि बोलत नाही हे सगळ्यांना कळावं म्हणून कपाटाची दारं जोरात लावत होते. मुलगी एकदा कॉलेजला निघताना दारात घुटमळली आणि बाईंच्या हातात लवंगांची पुडी कोंबून पळाली. सासूबाई दोन दिवस फुरंगटून होत्या. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आल्या, भाजी चाखली आणि चमचा खाली ठेवला.

"खारट झालीय ना?" बाई म्हणाल्या. मीठ दोनदा पडलं होतं.

"झालीय." सासूबाईंनी झाकण ठेवलं. "तुझ्या सासऱ्यांनी सोडली होती ना एकदा, तर माझ्या अंगावर ताट फेकलं होतं. तू इतक्यांदा सोडलीस आणि आम्हाला पत्ता नाही. आम्ही आपले तुझ्या भाजीतल्या मिठाची खोड काढत बसलो." त्या जाता जाता थांबल्या. "निदान सांगायचंस तरी. मी नावं ठेवली नसती. भाजीला, म्हणजे. तुला ठेवलीच असती."

एक्सरेबाईंना आजवर मिळालेली पहिली शाबासकी ती हीच. त्यांनी ती खारट भाजीसकट पोटात घातली.

मग त्या रविवारी संध्याकाळी क्रेनवाल्याचा फोन आला, आणि त्याचा आवाज मोठा नव्हता.

"ताई, ओढली."

बाई फोन घेऊन खिडकीशी गेल्या.

"एकच. काही झालं नव्हतं. भांडण नाही, काही नाही. खाली उतरलो आणि ओढली. तुम्हाला फोन पण नाही केला आधी."

"मग आता केलात ना."

"आता काय उपयोग?"

"आता दुसरी ओढायच्या आधी केलात," बाई म्हणाल्या. "हे बघा, मी काही तुमच्या घरी येऊन काठी घेऊन बसणार नाही. पण तुम्ही प्रयत्न सोडलात म्हणून मीही सोडेन, असं मनात असेल तर ते विसरा. उद्या दुपारी मी फोन करणार. उचलायचा."

"उचलतो, ताई."

"मोठ्यानं बोला. ऐकू येत नाही."

"उचलतो!"

बाईंनी फोन ठेवला. बोलणं सोपं होतं. तो पहाडासारखा माणूस काही कारण नसताना घसरला होता, आणि आपल्याकडे तर कारणांची रास पडली होती. त्या बाल्कनीच्या दारापाशी आल्या. मिस्टर वेताच्या खुर्चीत बसले होते. नुकतीच संपवलेली सिगारेट बशीत धुमसत होती. वास थेट बाईंच्या मेंदूत गेला.

मिस्टरांनी मान वर केली. बायकोचा चेहरा त्यांनी बऱ्याच वर्षांत इतका वेळ पाहिला नसेल. त्यांनी उठून आतली एक खुर्ची ओढून आणली, आपल्या खुर्चीशेजारी लावली आणि पाकीट पुढे केलं.

"घे," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. "आता लपून कशाला? बस इथं. दोघं मिळून ओढू."

बाईंना वाटलं, हा माणूस हे पंचवीस वर्षांपूर्वी का नाही म्हणाला. डार्करूमच्या अंधारात, बाथरूमच्या पंख्याखाली, जिन्यातल्या जळमटांत त्यांनी नेमकं हेच मागितलं असतं, कुणी विचारलं असतं तर. उजेडात एक खुर्ची. शेजारी माणूस. खाली रस्ता, आणि कुणी वर पाहिलं तर पाहू दे. आज सगळं एकदम मिळत होतं, फक्त ते एका पाकिटातून मिळत होतं.

त्या बसल्या. पाकिटातून एक सिगारेट काढली. बोटांना तिची जाडी, तिचा हलका दाब, सगळं पाठ होतं. त्यांनी ती नाकाशी नेली, डोळे मिटले आणि उघडले. मग परत पाकिटात सारली, झाकण लावलं आणि पाकीट मिस्टरांच्या हातात दिलं.

"बसते मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही ओढा."

"त्रास होईल तुला."

"होईल."

त्यांनी खुर्ची मागे सरकवली नाही. पदर सावरला आणि खालच्या रहदारीकडे बघत राहिल्या. मिस्टरांनी एक सिगारेट काढून ओठांत धरली, मग खिसे चाचपले, शर्टाचा, पँटचा, पुन्हा शर्टाचा. काडेपेटी समोरच कठड्यावर होती. ते बराच वेळ ती शोधत राहिले.