मूळ बरहुकूम

तिनं पिवळी पडलेली नक्कल शिरस्तेदारांच्या हाती दिली, पण बोटं लगेच सुटेनात.

"छापील ग्रंथांत हा निकाल कुठेच नाही, साहेब," समोरचे वकील म्हणाले. "मूळ कागद वाळवीनं खाल्ला म्हणे. बाईंनी हा माळ्यावरून काढलाय."

हशा पिकला.

"माळ्यावरूनच," ती म्हणाली. "बाबांच्या ट्रंकेतून. ते इथेच नकलनवीस होते. शिक्का पाहावा."

बाबांना जाऊन तीन महिने झाले होते.

मागच्या बाकावर तिची अशील, शिंपीणबाई, बोटातलं अंगुस्तान काढायचंही विसरून बसली होती. तिचं घर तिचं नाहीच, ती भाडेकरू, असं लहान कोर्टानं परस्पर ठरवून तिला बाहेर काढायचा हुकूम दिला होता. आणि उच्च न्यायालयाचा तो अगदी सुरुवातीच्या काळातला निकाल सांगत होता, की मालकीचा वाद उभा राहिला की लहान कोर्टाचा अधिकार संपतो.

नकलांची जुनी नोंदवही आली. नंबर जुळला. शिक्का जुळला. खाली बाबांच्या अक्षरात होतं, 'मूळ बरहुकूम'. उभ्या जन्मात त्यांनी नकलेत पदरचा शब्द घातला नव्हता. मुळात चूक असली तर तीही जशीच्या तशी उतरवत.

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "खालच्या कोर्टाला हा अधिकारच नव्हता. हुकूम रद्द."

"म्हणजे काय गं, पोरी?"

"म्हणजे घर सोडायचं नाही, मावशी."

"अगं बाई! मी तर मशीनसुद्धा बांधून ठेवलंय!" डोळे पुसता पुसता ती समोरच्या वकिलांकडे वळली. "साहेब, कोट बगलेत उसवलाय तुमचा. या घरी, टाका घालून देते. पत्ता तोच आहे."

या वेळी हशा जोरात झाला. वकीलही हसले.

नक्कल परत देताना शिरस्तेदार घुटमळले. "बाई, पाठीमागे चूक दिसते. नक्कल मागणाऱ्याच्या रकान्यात तुमचं नाव, पुढे 'वकील'. आणि तारीख पाहा."

निकाल तिनं शंभरदा वाचला होता; पान कधी उलटलं नव्हतं. त्या तारखेला ती सात वर्षांची होती.

"दुरुस्तीची खूण करू?"

तिनं बाबांच्या अक्षरातल्या त्या एका शब्दावरून, 'वकील'वरून, बोट फिरवलं. मग गळ्यातली पांढरी पट्टी सरळ केली.

"नको," ती म्हणाली. "बरहुकूम आहे."