कोपऱ्यातला अर्धा तारा

मी मशिदीच्या मोठ्या खिडकीतली दगडी जाळी बोलतेय. मध्यंतरी माझ्या जागी काच बसणार हे जवळजवळ ठरलंच होतं. पण मी आहे, आणि राहणार आहे.

मी एका अखंड शिळेतून घडले. माझ्या पाथरवटाने शिळेवर वर्तुळं आखली, वर्तुळांतून तारे काढले आणि छिन्नीने नको असलेला दगड कोरून टाकला. मशिदीत माणसाचं किंवा प्राण्याचं चित्र काढत नाहीत, म्हणून या कारागिरांनी सगळा जीव नक्षीत ओतला. हेच तारे दाराच्या लाकडावर आहेत, तांब्याच्या तबकावर आहेत, खालच्या गालिच्यावरही आहेत. आमचं गणगोत मोठं आहे.

माझं काम म्हणजे वारा आत सोडायचा आणि ऊन चाळून घ्यायचं. दुपारी माझे तारे फरशीवर उतरतात. मुलं त्यांच्यावरून उड्या मारतात. मोठी माणसं त्यांना दटावतात आणि कोणी बघत नसलं की स्वतःही एखादी मारून घेतात.

एकदा रंगाऱ्याची शिडी घसरली आणि माझ्या खालच्या कोपऱ्याचा चुरा झाला. विश्वस्त म्हणाले, "आता काचच लावू. धूळ नाही, कटकट नाही." माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पण मला घडवणाऱ्या घराण्यातली लेक विश्वस्तांपुढे हटून बसली. बापाचे हात थरथरायला लागल्यापासून छिन्नी तिच्याकडे होती. "कोपरा मी करते, चाचा. नाही जुळला तर खुशाल काच लावा."

तिने जीव तोडून काम केलं. तरी कोपरा बसवल्यावर मला परकं ठिगळ लावल्यासारखंच वाटलं. विश्वस्त काचवाल्याला बोलवायला निघाले.

बापाने नव्या कोपऱ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "इथले तारे पुरे का केलेस?"

"अर्धे सोडायला मन होईना, अब्बा. काम अपुरं दिसलं असतं."

"आणि पुरे मावावेत म्हणून सगळेच बारीक केलेस." त्याने गालिचा दाखवला. "काठ बघ."

तिथेही तारे काठाशी येऊन मधूनच कापलेले होते.

"चौकट आपली असते, पोरी. नक्षी तिच्या पलीकडे जातच राहते. ज्याच्यासाठी घडवतो त्याला अंत नाही, हे आपण असं सांगतो."

तिने हातोडी घेतली आणि स्वतःच्या हातचा तो कोपरा स्वतःच फोडून काढला. मला तिचा फार अभिमान वाटला. "आणखी एकदाच, चाचा. आता चुकले तर काच लावायला मीच हात देईन."

"तुझ्यापुढे कोण डोकं फोडणार?" म्हणत विश्वस्त मागे फिरले.

तिची बोटं सोलवटली, एक दगड ऐन वेळी तडकला, पण तिने दुसरा घेतला. तो कोपरा आता माझाच आहे. पहिल्या दुपारी ऊन आत आलं, तेव्हा काचेची बाजू घेणारे विश्वस्त फरशीवरच्या ताऱ्यांना वळसा घालून गेले.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. रंग द्यायला याल तेव्हा शिडी जरा लांब ठेवा. आणि कोपऱ्यातला तारा अर्धा दिसला तर तो मोडलाय असं समजू नका. तो तसा व्हावा म्हणून एका मुलीने पुरा तारा फोडलाय.