रिकामा कॉम्प्युटर

“आई, मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला कुणी हात लावला होता काय?”

हर्षा दारात उभी होती, फोन छातीशी धरून. मी अंबाडीची भाजी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, “कोण लावते? तुझा नियम ठाऊक नाही असं कोणी आहे काय या घरात?”

“अच्छा,” ती म्हणाली आणि वळली. बाकी सगळं ती दोनदा तपासते. माझा शब्द तिने एकदाही तपासला नाही.

हर्षा माझी सून, सचिनची बायको. माझ्या मालकांनी फॅक्टरीत हाडं झिजवून रांझीत हे घर बांधलं. ते गेल्यापासून इथे माझंच चालतं. हर्षा घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. कंपनी सॉफ्टवेअर बनवते, आणि ते वापरायचं कसं हे हर्षा लिहिते. पहिल्या वर्षी मी गल्लीभर सांगत फिरले की माझी सून खुर्चीवर बसून चुलीचं पुस्तक लिहिते, चूल मात्र मीच पेटवते. तिच्या कानावर गेलं असणार. तीन वर्षं कंत्राटावर होती. दिवाळीनंतर एक नवं प्रकरण लिहून द्यायचं होतं. ते नीट गेलं की पक्की होणार होती. तिने तसं देवापुढे नाही, माझ्यापुढे बोलून दाखवलं होतं.

मागच्या खोलीत सचिनचा जुना कॉम्प्युटर होता. हर्षाने तो पुसून अगदी कोरा करून ठेवला होता. स्वतःच्या लॅपटॉपवर लिहायची आणि मग तासन्‌तास त्याच्यापुढे जाऊन बसायची. एकदा मी विचारलं, “काहून त्या रिकाम्या डबड्यापुढे बसून राहिली?”

तिने समजावून सांगितलं. सॉफ्टवेअरसोबत काही पॅकेज, म्हणजे छोटे जोड-प्रोग्राम, आपोआप येतात. काही वेगळी आणून टाकावी लागतात, जसं आलेख काढणारं. ज्याला पाहिजे त्याने घ्यावं, म्हणून त्यांना ऑप्शनल म्हणतात. पण पुस्तकातल्या उदाहरणात तेच वापरलं आणि वर तसं लिहिलंच नाही, तर ज्याच्याकडे ते नाही त्याचं काम तिथेच थांबतं. आणि त्याला वाटतं, आपलंच चुकलं.

“माझ्या लॅपटॉपमध्ये सगळं भरलेलं आहे, आई. म्हणून मला कळतच नाही काय काय लागते ते. हा रिकामा आहे, म्हणून खरं बोलते.”

तो ज्या ओळीवर अडायचा, तिथे ती लिहायची: यासाठी अमुक पॅकेज वेगळं घ्या, आणि नसेल तर त्याच्याविना असं करा.

मला कळलं होतं. माझी मुलगी विनता लग्न होऊन इंदूरला गेली, तेव्हा तिने गोळाभात केला आणि रडवेल्या आवाजात फोन केला की आपल्यासारखा लागत नाही. मी सगळं सांगितलं होतं, फक्त माझा मसाला घालायचा हे राहिलं. माझ्या डब्यात तो कायम असतो, मग सांगायचं कसं सुचेल? पण मला कळलं हे मी हर्षाला कळू दिलं नाही. चौथी शिकलेल्या सासूने इतक्या लवकर मान डोलवू नये.

दसऱ्याला माझी मैत्रीण शकु आली होती. मी तिची पिशवी त्या कॉम्प्युटरवर ठेवली. तर हर्षा तिच्यादेखत म्हणाली, “आई, मला विचारल्याशिवाय याला काही करू नका.” आवाज हळूच होता. पण शकुने ऐकलं आणि चहाच्या कपात बघत राहिली. माझ्या घरात, माझ्या खोलीत, मी विचारायचं.

भाऊबीजेला विनता आणि जावई आले. तनयराव पण कॉम्प्युटरवालेच. त्यांचा लॅपटॉप बंद पडला होता आणि दोन दिवसांचं काम अडलं होतं. मी म्हटलं, मागे एक रिकामाच पडला आहे, बसा. ते बिचारे कचरत होते, वहिनींना विचारू काय म्हणाले. हर्षा शहराच्या दुसऱ्या टोकाला, माहेरी गढ्याला गेली होती. मी म्हटलं, शेजारणीची वाटीसुद्धा आम्ही रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर घालतो. इतकं मोठं यंत्र रिकामं ठेवायचं, हे कुठलं वळण? बसा, घर माझं आहे.

निघताना त्यांनी दोनदा बजावलं. “आई, वहिनींना सांगा हां, मी यात चार-पाच पॅकेज टाकले आहेत. विसरू नका.”

विसरले नाही. विसरले असते तर हे लिहायची पाळी आली नसती. रोज सकाळी आठवायचं, आणि रोज शकुचा तो चहाचा कप आठवायचा.

हर्षा परत आली, प्रकरण लिहिलं, कॉम्प्युटरपुढे बसली. एकही उदाहरण अडलं नाही. त्या दिवशी तिने खुशीत शिरा केला. “आई, पहिल्यांदाच सगळं एका दमात चाललं,” म्हणाली. मी शिरा खाल्ला.

पंधरा दिवसांनी कुठेतरी दोनशे माणसं ते प्रकरण उघडून शिकायला बसली आणि तिसऱ्याच ओळीवर सगळी अडली. आलेखाचं पॅकेज कोणाकडेच नव्हतं, आणि ते लागेल असं कुठे लिहिलेलं नव्हतं. कंपनीतल्या मॅडमचा फोन आला. आपने चेक किया था? हर्षा म्हणाली, किया था. मॅडम म्हणाल्या, तो फिर चला कैसे? तासाभरात लिहून कळवा.

त्या तासात ती माझ्याकडे आली होती. मी अंबाडी निवडत होते.

आई नाही म्हणतात म्हणजे नाही, असं धरून तिने लिहून टाकलं की कॉम्प्युटरला कोणी हात लावलेला नाही, चूक माझीच असणार. पुढच्या महिन्यात कंत्राट संपलं, ते संपलंच.

कंत्राट संपल्याच्या तिसऱ्या दिवशी ती तो कॉम्प्युटर पुन्हा कोरा करायला बसली. मी दारातून जात होते. ती पडद्याकडेच बघत म्हणाली, “भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी टाकलेलं आहे हे पॅकेज. दुपारी तीनचं. मी गढ्याला होते तेव्हाचं.”

मी थांबले. ती भांडली असती तर मला बरं झालं असतं. भांडणात मी हरत नाही. पण तिने सगळं पुसलं, वायर काढून गुंडाळली आणि कुकर लावायला गेली. सचिनला तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो मला बोलला असता, आणि मीही चार गोष्टी ऐकवल्या असत्या.

आता ती बसने गढ्याला एका कोचिंगमध्ये शिकवायला जाते. माझ्याशी नीट बोलते. औषध वेळेवर देते. फक्त कुठलीच गोष्ट मला विचारत नाही.

गेल्या आठवड्यात विनताचा फोन आला, गोळाभात नीट लिहून पाठव. हर्षा नुकतीच येऊन पाय धुऊन बसली होती. मी सांगत गेले, ती फोनवर लिहीत गेली. मी म्हटलं, वाच.

“लागेलच: तांदूळ, हरभरा डाळीचं जाडं पीठ, तिखट, हळद, मीठ, तेल, मोहरी, हिंग.” मग बोटाने खाली सरकवलं. “ऑप्शनल: आईंचा मसाला. असला तर घाला. नसला तरी भात अडत नाही.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी कान देऊन शोधला.

“तपासून पाहिलं काय?” मी विचारलं.

“हो,” ती म्हणाली. “रविवारी त्याच्याविनाच केला होता. सगळ्यांनी खाल्ला. तुम्हीपण.”

“पाठव मग,” मी म्हटलं.